हिमॅटॉक्सिलिन-इओसिन अभिरंजन: या चुका टाळा

ऊतीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी आणि इओसिनने उरलेला भाग गुलाबी रंगवतात. अशी स्लाइड फिकी दिसली की रंगात ठेवण्याचा वेळ वाढवण्याकडे बहुतेकांचा कल असतो, परंतु दोष रंगाच्या बाटलीपेक्षा तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या टप्प्यातच अधिक वेळा सापडतो. ऊतीच्या कापावर कोरे ठिपके वा पट्टे राहिले असतील, तर काप घेण्याआधी ऊती ज्यात बसवतात ते मेण, म्हणजे पॅराफिन, पूर्ण निघालेले नसते. मेणाखाली पाण्यातला रंग पोहोचत नाही, म्हणून स्लाइड मेण विरघळवणाऱ्या ताज्या झायलिनमध्ये परत नेण्याखेरीज इलाज नाही.

केंद्रके निळी न दिसता तांबूस जांभळी राहिली, तर धुण्याच्या पाण्याकडे पाहावे. अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारासह केंद्रकात बसलेले हिमॅटॉक्सिलिन आम्लधर्मी द्रावणात तांबूस असते आणि सौम्य अल्कधर्मी पाण्यातच निळे होते. नळाचे पाणी आम्लधर्मी असल्यास त्याऐवजी सुमारे ८ पीएचचे स्कॉटचे द्रावण वापरावे. हॅरिस या प्रकारच्या हिमॅटॉक्सिलिनमध्ये काप मुद्दाम जास्त रंगवून ७० टक्के अल्कोहोलमधील १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्लाने जादा रंग काढला जातो. येथे काही सेकंदांचा फरकही महाग पडतो, म्हणून काप धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा आणि मगच पुढे जावे. हाडाचा नमुना कॅल्शियम काढण्यासाठी आम्लात फार काळ राहिला असेल, तर केंद्रके रंग नीट धरतच नाहीत आणि ते नुकसान नंतर पूर्ण भरून निघत नाही.

हिमॅटॉक्सिलिन थकले आहे का, हे पाहण्यासाठी त्याचा एक थेंब नळाच्या पाण्यात सोडावा: तो लगेच निळा-जांभळा होऊन पसरला तर द्रावण ठीक आहे, तांबूस-तपकिरी राहिला तर ते बदलावे. पृष्ठभागावर धातूसारखी चकाकणारी साय धरते. ती रोज गाळून काढली नाही, तर तिचे निळे-काळे कण कापावर उतरतात. ऊती टिकवण्यासाठी वापरतात त्या फॉर्मॅलिनचे तपकिरी-काळे कण मात्र वेगळे असतात: ते न रंगवलेल्या कापातही दिसतात आणि त्यांचे मूळ आम्लधर्मी फॉर्मॅलिनमध्ये असते. म्हणूनच १० टक्के न्यूट्रल बफर्ड (पीएच उदासीन ठेवलेले) फॉर्मॅलिन वापरावे, तेही नमुन्याच्या किमान दहापट, शक्यतो वीसपट.

इओसिनच्या बाबतीत गडदपणाला फार महत्त्व दिले जाते, ते मला योग्य वाटत नाही. तांबड्या रक्तपेशी, स्नायू आणि कोलॅजन यांत गुलाबीच्या तीन छटा वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. सगळे फिके असेल, तर इओसिनचा पीएच ५ च्या वर गेला आहे का ते तपासून अ‍ॅसेटिक आम्लाचे थोडे थेंब घालावेत; सगळे एकसारखे गडद असेल, तर ७० टक्के अल्कोहोलमधील वेळ वाढवावा, कारण पाणी असलेले अल्कोहोलच इओसिन उतरवते.

शेवटचे झायलिन दुधाळ झाले, तर निर्जलीकरण अपुरे राहिले आहे. स्लाइड पुन्हा निर्जल अल्कोहोलमध्ये न्यावी, आणि काप कोरडा पडण्याआधी कव्हरस्लिप लावावी.