घेटुळी ओळखायला मला पाच वर्षे लागली

आयुर्वेदाच्या वाटेने वनौषधी चिकित्सा करायची असेल, तर 'नीट' ही प्रवेश परीक्षा, साडेचार वर्षांचा बीएएमएस हा आयुर्वेदाचा पदवी अभ्यासक्रम, वर्षभराची आंतरवासिता (इंटर्नशिप) आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी, हे टप्पे चुकत नाहीत. नांदेड आणि धाराशिव येथे शासकीय महाविद्यालये आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेलच. तीन महिन्यांत 'वनौषधी तज्ज्ञ' करणारी प्रमाणपत्रे भिंतीवर शोभतात. रुग्णाला औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांतून मिळत नाही.

माझी फसगत मात्र प्रवेशात किंवा परीक्षेत झाली नाही, ती एका तणाने केली. द्रव्यगुणाच्या, म्हणजे औषधी द्रव्यांची ओळख आणि गुण शिकवणाऱ्या विषयाच्या, तोंडी परीक्षेत पुनर्नवेचे, म्हणजे आपल्या घेटुळीचे, रस, वीर्य, विपाक हे गुणधर्म मी न अडखळता सांगितले होते. आंतरवासितेच्या काळात मावशीच्या पायांवर सूज आली, तेव्हा वरिष्ठांना विचारून मी पुनर्नवेचा काढा सुरू केला आणि काष्ठौषधीच्या दुकानातून तिचे वाळलेले पंचांग, म्हणजे मुळापासून फळापर्यंत सगळी वनस्पती, आणले. पंधरा दिवसांत सूज तसूभरही उतरली नाही. द्रव्यगुणाच्या आमच्या बाईंनी उरलेली पुडी कागदावर पसरली, चिमट्याने एक पेर उचलले आणि विचारले, "यात फुलांचा तुरा कुठे आहे?" ती पुनर्नवा नव्हतीच, तो विषखापरा होता, तिच्यासारखेच दिसणारे दुसरे तण. मावशीची लघवी पहिल्याच दिवशी तपासायला हवी होती, ही माझी दुसरी चूक, आणि तिची खंत मला अजून आहे.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण तो आपल्या बांधावरच आहे. मराठवाड्यात पाऊस पडला की दोन्ही वनस्पती जमिनीलगत पसरतात, दोन्हींची पाने समोरासमोर असतात आणि जोडीतले एक पान मोठे, एक लहान असते. पुनर्नवेची बारीक जांभळट-गुलाबी फुले लांब देठांच्या तुऱ्यांवर येतात आणि फळे चिकट असल्याने कपड्यांना लागतात. विषखापऱ्याची पाने मांसल असतात आणि त्याचे फूल पानाच्या बगलेतच, देठाच्या आवरणात अर्धे दडून बसते. ओल्या झाडावर हे फरक दिसतात. वाळवून तुकडे केल्यावर बरेचसे पुसले जातात, आणि चूर्ण झाल्यावर डोळ्यांनी काहीच कळत नाही. त्यात निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी द्रव्यांच्या जुन्या कोशांत, पुनर्नवेचे श्वेत (पांढरी) आणि रक्त (लाल) असे भेद आहेत, त्यामुळे नाव पाठ असलेला विद्यार्थी अधिकच गोंधळतो.

खरी ओळख मला मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगरांच्या उतारावर शेळ्या राखणाऱ्या एका काकांनी दिली. त्यांनी दोन्हींना 'घेटुळी'च म्हटले, पण खणायला बसले ते एकीच्याच मुळाशी. "ही उन्हाळ्यात वाळती, पर मरत नाही," असे ते म्हणाले. पुनर्नवा या नावाचा 'पुन्हा नवी होणारी' हा अर्थ मी इतकी वर्षे लिहीत आले होते, पण तो जाड मुळाकडे बोट दाखवतो, हे माझ्या डोक्यात शिरले नव्हते. विषखापरा वर्षायू आहे; त्याचे मूळ हंगामाबरोबर संपते. शेळ्या-मेंढ्या आणि गाई राखणारे वनस्पती नावारूपाने जाणतात, असे आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथकार चरक याने म्हटले आहे, आणि केवळ तेवढ्याने औषधयोजना कळत नाही, असेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. म्हणूनच जंगल-शिबिरातल्या स्वयंघोषित गुरूंपेक्षा मला एक गुराखी आणि एक खडूस प्राध्यापिका यांची जोडी अधिक भरवशाची वाटते. मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणाऱ्या ॲपवर तर औषधासाठी मुळीच विसंबू नका. वत्सनाभ, कुचला, बिब्बा ही विषारी द्रव्ये शोधन (दोष कमी करणारी शुद्धीची प्रक्रिया) आणि देखरेखीशिवाय स्वतःवरही वापरून पाहू नका.

तरी धीर सोडू नका. ओळख उशिरा येते, पण एकदा आली की ती पुसत नाही. श्रावण ते आश्विन या काळात घेटुळी, विषखापरा, सराटा, माका आणि भुईआवळा एवढ्या पाचच वनस्पती धरा, प्रत्येकीचा फूल-फळासह नमुना स्वतः दाबून ठेवा आणि तीच जागा उन्हाळ्यात पुन्हा पाहा. स्वतः खणलेले, स्वतः वाळवलेले एक-एक मूळही बरणीत ठेवा. दुकानातून पुडी आली, की मी अजूनही आधी ती बरणी उघडते.