कणगीत जोंधळा भरण्याआधी

कोल्हापुरातल्या पावसाळी दमट हवेत जोंधळा टिकवायचा, तर मे महिन्यातच कणगी (धान्य साठवायची विणलेली मोठी टोपली) आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपून खडखडीत वाळवा. खाली दगड देऊन ती वीतभर उचला, नाहीतर जमिनीची ओल चढते. दाणा दाताखाली कट्ट वाजला की वाळला. पण उन्हातून उचलून गरमच भरू नका, रात्रभर निवू द्या. गरम दाण्याला आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत सुकवलेलाच घाला. ओला पाला म्हणजे किडीला आवतणच! तोंड लिंपून टाका, झड लागलेली असताना उघडू नका. पीठ मात्र साठवायचंच नाही: दाण्याच्या अंकुरातलं तेल खवट होतं, भाकरी कडवट लागते. आठवड्यापुरतंच दळा.