गेम न सोडता आपल्या जोगतं काम कसं शोधायचं

गेम सोड, मग बघ आयुष्याला कशी दिशा मिळते, असं सांगणारं माणूस प्रत्येक घरात असतं. मला ते पटत नाही. मी पुण्याजवळ भोसरीच्या एका टूलरूममध्ये तपासणी विभागात आहे. दिवसभर हातात मोजमापाचा व्हर्निअर आणि रात्री पुण्यात कसब्यातल्या घरी ‘एज ऑफ एम्पायर्स २’. हा १९९९चा गेम मी आजही मनापासून खेळते. माझं मत असं, की आपल्या हातून कुठलं काम आनंदाने होईल हे आपल्या खेळण्यातच दिसत असतं. ते बघायची एक पद्धत आहे.

एक आठवडा नेहमीइतकंच खेळा. वेळ कमी करू नका. फक्त जवळ वही ठेवा आणि खेळून उठताना एका प्रश्नाचं उत्तर लिहा: आज कुणी सांगितलं नसताना मी काय करत बसले? जिंकलात का, लेव्हल कितवी, हे लिहायचं नाही. मिशन बाजूला ठेवून घर बांधत होतात? नवख्या पोराला नियम समजावत होतात? टीममधल्या पडलेल्यांना उठवत होतात? शेतात पाणी घालत होतात? मिशन गेम बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. ही कामं तुम्ही स्वतःहून निवडलेली असतात. आठवड्याच्या शेवटी वहीत एक-दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील.

माझ्या वहीत लढाया जवळजवळ नव्हत्याच. गेम सुरू होतो तेव्हा नकाशा काळा असतो. घोड्यावरचा स्काउट, म्हणजे टेहळ्या, फिरवत गेलं की तो उजळत जातो. मी सगळ्यात रमायचे ती त्यात.

आता त्याच घडणीचं काम गावात शोधायचं. मला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सापडला. २००४ साली सुरू झालेला हा जगाचा नकाशा लोकच भरतात. त्यासाठी ‘स्ट्रीटकम्प्लीट’ नावाचं फुकट अँड्रॉइड अ‍ॅप आहे. नकाशावर खुणा दिसतात, जवळ जाऊन खुणेवर बोट ठेवलं की छोटा प्रश्न येतो: रस्ता डांबरी की पेव्हर ब्लॉकचा? इथे दिवे आहेत का? बाकाला पाठ आहे का? पायऱ्या किती? व्हीलचेअर आत जाते का? आधी ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडा, म्हणजे उत्तरं तुमच्या नावाने जमा होतात. डोळ्यांनी पाहिलेलंच भरा. गुगलच्या नकाशावरून उतरवून घेणं नियमात बसत नाही. आणि उत्तर देताना कडेला उभं राहा. आपल्या पेठांमधून दुचाक्या कशा येतात ते सांगायला नको.

आमच्या भागात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. त्या सकाळी मी कसबा आणि शनिवार पेठेतले बोळ फिरते. आमच्या शेजारच्या काकांना पक्षाघातानंतर व्हीलचेअर लागली, तेव्हा कुठल्या दवाखान्याच्या दारात पायऱ्या आहेत हे काकूंना प्रत्येक वेळी फोन करून विचारावं लागायचं. समोरून ‘या ना, काही अडचण नाही’ असं उत्तर यायचं आणि तिथे पोचल्यावर तीन पायऱ्या निघायच्या. आता मी त्या पायऱ्या नोंदवते. ‘व्हीलमॅप’ हा नकाशा हीच माहिती वापरतो, त्यामुळे काकूंना घरबसल्या बघता येतं. पुढच्या गुरुवारी कुठे जाणार आहेस, हे त्या मला आधीच विचारतात.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये गेमच्या ओढीवर संशोधन मांडलं. गेम आपल्या तीन भुका भागवतो असं त्यात आहे: स्वतः ठरवणं, हातात कसब येणं आणि माणसांशी जोडलं जाणं. काम निवडताना हे तीन निकष लावा. तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कुणीतरी वाट पाहत असेल, तर कंटाळा आलेल्या दिवशीही पाय घराबाहेर पडतो.

तुमच्या वहीत बांधकाम निघालं, तर दुर्गसंवर्धनाच्या मोहिमेला जा. २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांपैकी राजगड, लोहगड, शिवनेरी आपल्याच जिल्ह्यात आहेत. परवानगी घेऊन काम करणाऱ्या गटाबरोबरच जा. संरक्षित वास्तूचा दगडसुद्धा आपल्या मनाने हलवायचा नसतो. टीमला सांभाळणाऱ्यांनी लेखनिक व्हावं. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लिहून देणारं माणूस लागतं आणि ऐन परीक्षेच्या हंगामात ते मिळत नाही. सांगितलेलं शब्दन्‌शब्द लिहायचं, स्वतःचं ज्ञान मध्ये आणायचं नाही. लेखनिकाच्या शिक्षणाची अट परीक्षेप्रमाणे बदलते, ती आधी विचारून घ्या. क्लॅनमध्ये, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्या गटात, रमणाऱ्यांसाठी गणपतीआधीचा ढोल-ताशा पथकाचा सराव आहेच.

गेम बनवण्यातच आयुष्य घालवावं असं वाटत असेल, तर तेही पुण्यात होतं. ‘राजी’ हा २०२०चा गेम इथल्याच नॉडिंग हेड्स या कंपनीने केला. पण खेळायला आवडणं आणि बनवायला आवडणं वेगळं. ‘गोडो’ हे गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन एकच खोली, एक दार आणि एक किल्ली एवढा गेम पुरा करून बघा. दार का उघडत नाही हे शोधण्यात रात्र गेली आणि तरी मजा आली, तर पुढे शिका.

निवडलेलं काम महिनाभर करा. नाही जमलं, तर वही काढून दुसरं घ्या. त्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत असा हट्ट सुरुवातीला नको, नोकरीही सोडू नका.

खेळण्याची वेळ मात्र राखून ठेवा. काम झालं तरच गेम, असं बक्षीस करू नका. त्याने काम शिक्षेसारखं वाटायला लागतं. माझा नियम असा, की काम उजेडात, गेम रात्री, आणि ज्याचा डाव संपतो तोच गेम रात्री उघडायचा. रोज हजेरी लावली की बक्षीस देणाऱ्या गेमची नोटिफिकेशन्स बंद करा. आपण कधी खेळायचं हे त्यांनी ठरवू नये.

खेळणं थांबवताच येत नसेल, त्यापायी झोप, अभ्यास, नोकरी, घरची माणसं मागे पडत असतील आणि नुकसान दिसत असूनही हात थांबत नसेल, तर वहीने भागणार नाही. डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

पहिल्या दिवशी एकट्याने जायचा संकोच वाटेल. ज्यांच्याबरोबर रोज खेळता त्यांच्यातल्याच एकाला हाक मारा. माझा मामेभाऊ चिंचवडला राहतो, गेममध्ये तो कायम माझ्या बाजूने असतो. आता तोही गुरुवारी येतो. मी पायऱ्या मोजते, तो रस्त्याचे दिवे नोंदवतो.