स्पितीत भिक्षुणी विहार उभारताना: गोव्यातून मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी

हिमाचलातील स्पितीसारख्या दुर्गम खोऱ्यात भिक्षुणींसाठी विहार बांधायचा झाल्यास सुरुवात जागेपासून किंवा आराखड्यापासून न करता वर्षाच्या खर्चाच्या हिशेबापासून करावी. भिक्षूंच्या गोन्पांना, म्हणजे मठांना, पिढ्यान्‌पिढ्या शेतजमिनीचे उत्पन्न आणि गावकऱ्यांचे दान मिळत आले. भिक्षुणींच्या वाट्याला ते फारसे आले नाही, आणि म्हणून स्पिती व लडाखमधील झंस्कार भागांतील कितीतरी चोमो, म्हणजे भिक्षुणी, डोके मुंडून दीक्षा घेतल्यानंतरही आईबापांच्या घरी राहून शेतात आणि गोठ्यात राबत आल्या. नवी इमारत बांधून दिली, पण पीठ, जळण आणि अध्यापकाचा पगार यांची सोय केली नाही, तर त्या पुन्हा घरची वाट धरतात.

पंधरा भिक्षुणी धरू. सर्व खर्च मिळून दरमहा माणशी चार हजार रुपये लागतील असे केवळ हिशेबापुरते गृहीत धरले, तर वर्षाचे ७ लाख २० हजार होतात. ही रक्कम सहा टक्के व्याजातून काढायची तर १ कोटी २० लाखांचा कायम निधी हवा, आणि फोंडा-म्हापशातल्या आमच्यासारख्या लहान मंडळाला तो जमणे कठीण. मात्र दरमहा हजार रुपये बँकेतून आपोआप वळते करणारी साठ माणसे मिळाली, तर आकडा तोच भरतो. ही साठ माणसे मिळेपर्यंत पायाचा दगड बसवू नये असे माझे मत आहे. त्यावरून मंडळात दोनदा वाद झाला आणि दोन्ही वेळा मी हरलो, हेही सांगितले पाहिजे.

पैसे गोळा करण्यासाठी १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवणे सोपे असते, परंतु उद्दिष्टांचा मजकूर घाईने लिहू नये. एखाद्या विशिष्ट धर्मसमाजाच्या हितासाठी असल्याचे ज्या संस्थेच्या घटनेतच म्हटले आहे, तिच्या देणगीदारांना आयकरातली, ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळत नाही. म्हणून शिक्षण, निवास आणि आरोग्य हे सर्वांना खुले असलेले काम एका संस्थेकडे आणि प्रार्थनागृहाचा खर्च वेगळ्या खात्यातून, अशी विभागणी चार्टर्ड अकाउंटंटच्या सल्ल्याने आधीच करावी. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर सवलत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या दात्याला ती कशीच मिळत नाही.

गोव्यात एक गुंता खास आपला आहे. आखातात नोकरी करणारा भारतीय पासपोर्टधारक आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो तेव्हा ती विदेशी देणगी ठरत नाही, पण पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेला शेजारी मडगावात घरी बसून पैसे देतो तेव्हा ती ठरते. विदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या विदेशी देणगी नियमन कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत ठरावीक खाते लागते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे गोव्यात घेऊन स्पितीत पाठवण्याचा मार्ग बंदच आहे. पावती फाडण्यापूर्वी पासपोर्ट कुठला हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारावेच.

जमीन आपल्या नावावर घेण्याचा विचार सोडून द्यावा. हिमाचलच्या १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्यातील कलम ११८ नुसार तेथील शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. जमीन आणि इमारत भिक्षुणींच्या स्थानिक संस्थेच्या नावे असावी, पंचायतीचा ठराव हातात असावा, आणि बँकेच्या खात्यावर किमान दोन भिक्षुणींच्या सह्या असाव्यात.

आराखड्यापूर्वी एकदा शेजारच्या उत्तर कन्नडातील मुंडगोडला जाऊन यावे. तिथे १९८७ साली स्थापन झालेला जांगचुब छोलिंग हा भिक्षुणी विहार आहे, आणि तिथल्याच द्रेपुंग मठात २०१६ च्या डिसेंबरमध्ये दलाई लामांच्या हस्ते वीस भिक्षुणींच्या पहिल्या तुकडीला गेशेमा ही तिबेटी बौद्ध तत्त्वज्ञानातली वरची पदवी मिळाली. या अभ्यासात वादविवाद उघड्यावर, उभे राहून, टाळ्या वाजवत चालतो. म्हणजे वर्गखोलीइतकेच वाऱ्यापासून आडोसा असलेले अंगणही महत्त्वाचे. आम्ही ते पहिल्या आराखड्यात विसरलो होतो, आणि दक्षिणेला मात्र हौसेने बाल्कांव, म्हणजे गोव्याच्या घरांपुढे असतो तसा छपराचा सोपा, काढला होता! आपण घर बांधतो ते पाऊस बाहेर ठेवायला. तिथे ते ऊन आत घ्यायला बांधतात, आणि आमच्या त्या छपराने हिवाळ्यातले अर्धे ऊन अडवले असते.

खिडक्या दक्षिणेला मोठ्या, उत्तरेला जवळजवळ नसाव्यात. दक्षिणेच्या जाड भिंतीला काळा रंग देऊन पुढे काच बसवली, की दिवसभर तापलेली भिंत रात्री खोलीत ऊब सोडते. चिऱ्याची सवय असलेल्या आपल्याला मातीच्या भिंतीचा भरवसा वाटत नाही, पण ताबोचा मातीचा मठ इसवी सन ९९६ पासून उभा आहे. १९७५ च्या किन्नौर भूकंपात त्यालाही तडे गेले, म्हणून खिडकीच्या खाली आणि वर लाकडी पट्टा चारी भिंतींतून सलग फिरवावा. छताला पॉप्लरच्या तुळया मिळतात आणि त्या फार लांब नसतात. खोल्यांची रुंदी साडेतीन मीटरच्या आत ठेवली तर लोखंड वर नेण्याचा खर्च वाचतो. नाल्याच्या तोंडाशी असलेली सपाट जागा कितीही मोहक दिसली तरी घेऊ नये; २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटीच्या लोंढ्याने काय केले ते आठवावे. शौचालय कोरडे, दोन कप्प्यांचे, आळीपाळीने वापरायचे ठेवावे, कारण हिवाळ्यात नळाचे पाणी गोठते.

बांधकामाचा हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यातही ऑगस्टपासून गावात मटार काढणी सुरू होते आणि मजूर मिळत नाहीत, म्हणून कच्च्या विटा जूनमध्येच पाडून वाळवाव्यात. आमचे सिमेंट पहिल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस पोहोचले. न्हाणीघराचा कोबा त्याच रात्री गारठला, आणि पुढच्या जूनमध्ये तो नखाने खरवडला तरी भुकटी निघत होती. काचा गरजेपेक्षा चौथाई जास्त न्याव्यात, कारण तेवढ्या वाटेत फुटतातच.

पाहणीला जाताना मडगावहून चंदीगडच्या थेट गाडीने जाऊन पुढे शिमला-किन्नौरमार्गे चढावे. हा रस्ता हळूहळू उंची गाठतो, म्हणून साडेतीन हजार मीटरांपलीकडच्या काझाला पोहोचेपर्यंत शरीर थोडे सरावते. पहिल्या भेटीत स्वयंपाकघर बघावे आणि ऑक्टोबरअखेर पिठाची पोती व गॅस सिलिंडर किती भरून ठेवतात ते विचारावे. आमच्या वहीत पहिल्या पानावर तोच आकडा लिहिलेला आहे, आणि तो भरल्याचा फोन आल्याशिवाय त्या वर्षी बांधकामाचा पुढचा हप्ता सुटत नाही.