किंमत आणि खर्चाचे इंग्रजी वाक्प्रचार : या चुका टाळा

ऑफिसातल्या एका नव्या मुलाने लंडनच्या ग्राहकासाठी लिहिलेला मेल पाठवण्याआधी मला दाखवला. पैसे भरले, एवढंच कळवायचं होतं. त्याने लिहिलं होतं, 'वी हॅव पेड द प्राइस फॉर युअर सॉफ्टवेअर.' व्याकरणात खोट नाही. पण वाचणाऱ्याला वाटणार, यांना आपलं सॉफ्टवेअर चांगलंच भोवलेलं दिसतंय. 'पे द प्राइस' म्हणजे आपल्या 'किंमत मोजावी लागली'सारखंच, परिणाम भोगणं. पैसे दिल्याचं सांगताना 'द प्राइस' गाळा आणि 'वी हॅव पेड फॉर द सॉफ्टवेअर' एवढंच लिहा.

अशा चुकांत एकेक शब्द बरोबर असतो, म्हणून त्या नजरेतून सुटतात. वाक्प्रचार वापरण्याआधी 'यात नुकसान कोणाचं?' असं स्वतःला विचारायची सवय लावा. मला तरी याचा फार उपयोग झालाय.

'लूट' घ्या. मराठीत दुकानदार आपल्याला लुटतो आणि तोच सेलच्या पाटीवर 'महालूट' लिहून आपल्यालाही लुटायला बोलावतो. इंग्रजीत या दोन वाटा वेगळ्या. 'डेलाइट रॉबरी' म्हणजे अव्वाच्या सव्वा भाव लावून गिऱ्हाइकाला नागवलं. 'इट्स अ स्टील' म्हणजे वस्तू इतकी स्वस्तात पडली, की जणू उचलूनच आणली. मैत्रिणीने सेलमधून आणलेली साडी कौतुकाने दाखवली आणि तुम्ही 'रॉबरी' म्हणालात, तर ती बिचारी हिरमुसेल.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते 'डर्ट चीप'. डर्ट म्हणजे माती, म्हणून 'मातीमोल'चं भाषांतर डोळे झाकून 'डर्ट चीप' केलं जातं. पण 'कांदा मातीमोल भावाने विकावा लागला' या वाक्यात शेतकऱ्याचं दुःख आहे. 'डर्ट चीप' सहसा घेणाऱ्याच्या तोंडी येतं आणि त्यात स्वस्ताईचा आनंद असतो. शेतकऱ्याची बाजू सांगायची तर 'ही हॅड टु सेल हिज अनियन्स फॉर नेक्स्ट टु नथिंग' लिहा. 'हॅड टु'मध्ये ती लाचारी उतरते.

'स्वस्त आणि मस्त'चं 'चीप अँड बेस्ट' भारतात चालून जातं. बाहेर 'चीप'ला हलक्या मालाचा वास येतो, तिथे 'गुड व्हॅल्यू' बरं. आणि 'द प्राइस इज कॉस्टली' नको. वस्तू 'कॉस्टली' असते, प्राइस 'हाय' असते.

एका इवल्याशा शब्दानेही अर्थ फिरतो. 'ॲट अ कॉस्ट ऑफ टू लाख रुपीज' म्हणजे दोन लाख खर्चून. 'ॲट द कॉस्ट ऑफ हिज हेल्थ' म्हणजे तब्येतीचा बळी देऊन. नुसतं 'ॲट कॉस्ट' म्हणजे नफा न घेता, खरेदीच्याच भावात. कोटेशनमध्ये हे चुकून लिहिलंत तर ग्राहक तोच भाव धरून बसेल.

'इट कॉस्टेड मी' हे तर रोज ऐकू येतं. भूतकाळातही 'कॉस्ट'च राहतं. 'कॉस्टेड' चालतं ते एखाद्या कामाचा खर्च आधी हिशेब करून काढला, या अर्थी. महागाईचा वाक्प्रचारही ठरल्या साच्यात बोला : 'इट कॉस्ट मी ॲन आर्म अँड अ लेग'. एक हात, एक पाय. 'हँड्स अँड लेग्ज' नाही. तसंच अव्वाच्या सव्वा पैसे मोजावे लागले, तर 'पे थ्रू द नोज', 'थ्रू माय नोज' नाही.

'ब्रेक द बँक'चं भाषांतर 'बँक फोडणे' करू नका. ही बँक जुगाराच्या टेबलावरची, म्हणजे अड्डेवाल्याने तिथे ठेवलेली रोकड. 1891 मध्ये चार्ल्स वेल्स नावाच्या इंग्रजाने माँटे कार्लोत ती वारंवार संपवली आणि त्याचं नाव गाजलं. खर्चाबद्दल बोलताना हा वाक्प्रचार बहुतेक नकारातच येतो. 'इट वोन्ट ब्रेक द बँक', म्हणजे खिशाला झेपेल.