आल्प्समध्ये सायकल चालवायला निघालात? या चुका टाळा

पुण्यातल्या सायकलवाल्यांचा एक आवडता प्रश्न असतो: "सिंहगड न थांबता चढतो, मग अल्प द्युएझ जमेल ना?" (आल्प्समधला सायकलवाल्यांचा प्रसिद्ध चढ.) जमेल. चढाच्या तीव्रतेत सिंहगड काही कमी नाही. फरक एवढाच की सिंहगड तासाभरात संपतो आणि वर दही-भजी वाट बघत असतात. फ्रान्समधल्या बूर द्वाझाँ या पायथ्याच्या गावातून निघालात की तासाभरानंतरही समोर चढच असतो. घाटात एक तास खपून जाणारी चूक तिथे तिसऱ्या तासाला वसूल होते. खाली लिहिलेल्यांपैकी निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत, बाकीच्या बरोबरच्यांनी.

गिअर: इथे मर्दुमकी नको

अल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८.१ टक्के. समजा तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो, आणि दीड तास सलग १८० वॅट देऊ शकता (हौशी माणसासाठी हे वाईट नाही). तर वेग ताशी नऊ-सव्वानऊ किलोमीटर पडतो. पेडलजवळच्या दातेरी चाकाला ३४ दात, मागच्या मोठ्यात मोठ्याला २८ असतील तर या वेगाला पायांची गती मिनिटाला साठच्या आसपास येते, आणि चढ दहा टक्के झाला की पन्नासवर. पन्नासच्या गतीने दहा मिनिटं चालवून बघा, गुडघे बोलायला लागतात. मागच्या दातेरी चाकांच्या संचात, म्हणजे कॅसेटमध्ये, ३४ दातांचं चाक असेल तर त्याच ताकदीत गती पंचाहत्तरच्या जवळ राहते. भाड्याची सायकल घेताना रंग आणि ब्रँड नंतर विचारा. आधी विचारा, मागचं सगळ्यात मोठं दातेरी चाक किती दातांचं आहे. स्वतःची नेणार असाल तर पुण्यातच कॅसेट बदला, आणि लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लागेल का तेही दुकानदाराला विचारून घ्या.

त्यात या चढाची खोड अशी की तो सुरुवातीलाच मारतो. पुलावरून डावीकडे वळलात की पहिले दोन-अडीच किलोमीटर दहा टक्क्यांच्या आसपास. पाय ताजे, बाजूने कोणीतरी ओलांडून जातंय, आणि १९५२ साली इथे पहिल्यांदा टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकणाऱ्या फाउस्तो कोप्पीचं नाव पहिल्याच वळणाच्या पाटीवर. अंगात येतंच. वळणांचे आकडे उलटे आहेत, खाली २१ आणि वर १. १६व्या वळणाला ला गार्द येईपर्यंत बोलता येईल एवढ्याच जोरात चालवा. धाप लागून वाक्य तुटत असेल तर तुम्ही वेगात आहात, मीटर काहीही म्हणो.

सरासरी आकड्यावर विश्वास

जवळचाच क्र्वा द फेर हा घाट (२०६७ मीटर) बूरच्या बाजूने कागदावर अगदी सोज्वळ दिसतो. तीसेक किलोमीटर, सरासरी पाच टक्क्यांच्या जरा वर. "बोपदेवपेक्षा सोपा की!" असं आमच्यातला एक जण आदल्या रात्री म्हणाला होता. या सरासरीत मधले उतार लपलेले आहेत. रिव्हिये गावानंतर रस्ता चक्क खाली जातो, कमावलेली उंची गमावतो, आणि ओढा ओलांडला की दहा टक्क्यांहून तीव्र भिंत समोर उभी. उतारावर पाय गार झालेले, गिअर मोठा, आणि चढ वळणाआड. इथे घाईघाईत तीन-चार गिअर एकदम खाली टाकले की चेन उतरते. आमच्यातल्या त्याच विद्वानाची उतरली. उतार संपायच्या आत, पेडल हलकं असतानाच, गिअर हलका करून ठेवा.

फ्रेंच घाटांवर बहुधा दर किलोमीटरला छोटा दगड किंवा पाटी असते. शिखर किती लांब, आत्ता उंची किती आणि पुढच्या किलोमीटरचा चढ किती टक्के, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. सरासरी विसरा, ती पाटी वाचा.

पुढचा ब्रेक कुठल्या हाताला?

या चुकीबद्दल निघण्यापूर्वी मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे सायकलचा पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो. फ्रान्समध्ये तो डाव्या हाताला. भाड्याची सायकल घेतली, दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत एक चक्कर मारली, समोर कुत्रं आलं. सवयीने डावा ब्रेक आवळला, मागचा समजून. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मागचं उचललं आणि मी हँडलवर आडवा. चालण्याच्या वेगात होतो म्हणून हसण्यावारी गेलं. हेच ताशी पन्नासला झालं असतं तर हा लेख दुसऱ्या कोणी लिहिला असता.

उपाय: सायकल बुक करतानाच ईमेलमध्ये लिहा की ब्रेक उलटे जोडून हवेत. तारेचे ब्रेक असतील तर मेकॅनिकचं थोडंच काम असतं. हायड्रॉलिक डिस्कला नळ्या काढून पुन्हा तेल भरावं लागतं, त्यामुळे दुकानदार नाही म्हणू शकतो. मग डाव्या लिव्हरवर लाल टेप गुंडाळा आणि पहिला अर्धा तास दरीतल्या सपाट रस्त्यावर नुसतं थांबायची तालीम करा. आधी हळू, मग वेगात.

उजवीकडून चालवायचंही तसंच. गर्दीत चूक होत नाही, कारण बाकीचे दाखवत असतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर: बेकरीपाशी थांबलात, क्रोसाँ खाल्लं, पुन्हा निघालात आणि थेट डाव्या बाजूला. प्रत्येक थांब्यानंतर मोठ्याने "उजवीकडे" म्हणा. लोक बघतील, बघू देत. चौकातल्या वर्तुळात शिरताना गाडी डावीकडून येते, हेही मानेला शिकवावं लागतं.

उतारावर ब्रेक धरून ठेवणं

ताम्हिणी उतरताना ब्रेक हलके दाबून ठेवायची आपल्याला सवय. अल्प द्युएझवरून खाली येताना सुमारे ११०० मीटर उंची उतरते. ८० किलो वजनासाठी ही ऊर्जा अडीच लिटर गार पाणी उकळायला पुरेल एवढी आहे. काही वाटा हवा घेते, उरलेली सगळी ब्रेकमध्ये. तुम्ही जितके हळू आणि ब्रेक धरून उतराल तितका हवेचा वाटा कमी आणि ब्रेकचा जास्त. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, घासणारा) असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर करपट वास येतो, ब्रेक किंचाळतात, आणि लिव्हर पूर्वीपेक्षा आत जायला लागते. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबा, वेग कमी करा, वळणात शिरताना सोडा. वास आलाच तर थांबा, फोटो काढा, दहा मिनिटं जाऊ द्या. डिस्कला हात लावून बघू नका.

बारीकसारीक, पण महागात पडणारं

विमानातून सायकल नेलीत तर डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) वाकलाय का ते चढाला लागण्यापूर्वी बघा. सगळ्यात हलक्या गिअरला चेन आऱ्यांकडे ढकलली जात असेल तर तोच दोषी. आपल्या फ्रेमचा जादा हँगर बरोबर न्या, तिथे तो मिळेलच असं नाही.

बूरहून लोतारे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोगदे आहेत. पुढे-मागे दिवा नसेल तर जाऊ नका, आणि गडद गॉगल आत शिरण्यापूर्वी काढा. त्यातला शाँबोंचा बोगदा २०१५ मध्ये डोंगर सरकल्यामुळे बंद पडला होता आणि टूरलाही त्या वर्षी आपला मार्ग बदलावा लागला. रस्ता उघडा आहे का हे पायथ्याच्या फलकावर लिहिलेलं असतं: 'उव्हेर' म्हणजे उघडा, 'फेर्मे' म्हणजे बंद. लोतारेच्याही वरचा गालिबिये घाट तर बर्फामुळे मेअखेर किंवा जूनपर्यंत बंदच असतो.

गालिबियेवर नुसती जर्सी घालून जाणं

कळसूबाई १६४६ मीटर. गालिबिये २६४२. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर उभं राहून अजून जवळजवळ एक किलोमीटर वर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने बूरमध्ये २८ असतील तर वर १५. पंधरा म्हणजे पुण्यातली डिसेंबरची सकाळ, त्यात काय, असं मला वाटलं होतं. पण अंग घामाने ओलं, वारा ताशी पन्नासचा, आणि उतारावर पाय फिरत नसल्याने शरीर तापत नाही. दुपारी ढग जमले की पाऊसही. जुलैचा महिना होता आणि माझी बोटं लोतारेच्या अलीकडेच लाकडासारखी झाली. ब्रेक दाबतोय की नाही, हेच कळेना.

विंडचीटर, लांब बोटांचे हातमोजे आणि सुट्या बाह्या खिशात हव्यातच. माथ्यावर फोटो काढण्याआधी ते घाला, नंतर नाही. काहीच नसेल तर वर्तमानपत्र जर्सीच्या आत छातीशी सरकवा.

आमच्यात साठी ओलांडलेले एक काका होते. ते सगळ्यांत शेवटी चढायचे, आणि त्यांच्या पिशवीत काय निघेल याचा नेम नसायचा. रस्त्याकडेला काखेत हात घालून उभा असलेला मी त्यांना दिसलो. त्यांनी पिशवीतून भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे काढले आणि त्यातला एक माझ्याकडे टाकला.

"डाव्या हाताचा घे. पुढचा ब्रेक तिकडेच आहे ना तुझा?"