मराठी पडद्याचं ॲप डब्ल्यूएक्सविजेट्स ३.२ वर नेताना

डब्ल्यूएक्सविजेट्स म्हणजे एकाच सी प्लस प्लस कोडमधून विंडोज, लिनक्स आणि मॅकवर खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी. तिची ३.० मालिका नोव्हेंबर २०१३ ची, ३.२ आली जुलै २०२२ मध्ये. आवृत्तीचा मधला आकडा सम असेल तर ती स्थिर, विषम असेल तर विकासातली. त्यामुळे ३.१ वर थांबलेला कोडही ३.२ वरच आणायचा.

उदाहरण म्हणून अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकाच्या दुकानाचं बिलाचं ॲप धरू. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं, काउंटरवर विंडोज, गोदामात उबंटू, पडद्यावरचं सगळं मराठीत आणि पत्त्यात पेठेचा रकाना. असं ॲप ३.२ वर कंपाइल होताना फार छळत नाही. छळतात ती अक्षरं आणि पिक्सेल. (खाली क्लास आणि मॅक्रोंच्या नावांपुढचं ‘डब्ल्यूएक्स’ बऱ्याच ठिकाणी गाळलं आहे, ते धरून वाचा.)

लायब्ररी बांधताना

गिटहबवर आपोआप तयार होणारं ‘सोर्स कोड’ झिप घेऊ नका, त्यात सबमॉड्यूल (लायब्ररीला लागणारा इतर प्रकल्पांचा कोड) नसतात. प्रत्येक रिलीजसोबत पूर्ण सोर्सचं वेगळं झिप ठेवलेलं असतं, ते घ्या. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ साठी ‘बिल्ड’ फोल्डरातल्या ‘एमएसडब्ल्यू’मध्ये ‘व्हीसी १७’ असं सोल्यूशन आहे. ते उघडून एक्स६४ निवडा आणि डीबग व रिलीज दोन्ही बांधा. आपल्या प्रकल्पाच्या इन्क्लूड पाथमध्ये आधी ‘इन्क्लूड’मधलं ‘एमएसव्हीसी’ आणि त्यानंतर ‘इन्क्लूड’ लिहा. पहिला पाथ राहिला की ‘सेटअप डॉट एच’ सापडत नाही अशी तक्रार येते. पुष्कळ जण तिथेच अर्धा दिवस घालवतात.

उबंटू २४.०४ च्या भांडारात ३.२ तयार मिळते. २२.०४ मध्ये ३.० च आहे, तिथे जीटीके ३ (लिनक्सवर खिडक्या काढणारी लायब्ररी) ची डेव्ह पॅकेजेस टाकून सोर्सपासून बांधावी लागते. ॲप सुरू होतानाच प्रोग्रॅम आणि लायब्ररीच्या बिल्डचा मेळ नाही असा संदेश देऊन बंद पडलं, तर जुने हेडर आणि नवी लायब्ररी अशी खिचडी झाली आहे. डब्ल्यूएक्स-कॉन्फिगला (इन्स्टॉल केलेल्या लायब्ररीची माहिती देणारी कमांड) आवृत्ती विचारा, जुनं इन्स्टॉल काढा आणि सगळं स्वच्छ करून पुन्हा बांधा.

पहिली धाव डीबगमध्येच घ्या. सायझरला (खिडकीतल्या घटकांची जागा आणि माप ठरवणारा क्लास) दिलेले फ्लॅग एकमेकांशी विसंगत असतील (उदाहरणार्थ, एक्स्पांडच्या जोडीला उजवं अलाइनमेंट, किंवा उभ्या सायझरमध्ये उभं मध्य-अलाइनमेंट) तर ३.२ असर्ट, म्हणजे चुकीचा इशारा, दाखवते. असा फ्लॅग ३.० मध्येही काहीच करत नव्हता. तपासणी बंद करायचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, पण फ्लॅग काढून टाकणं त्याहून सोपं.

अक्षरं

उबंटूवर ‘पुणे’ नीट दिसतं आणि विंडोजवर ‘à¤’सारखा कचरा किंवा प्रश्नचिन्हं येतात, हा नेहमीचा घोळ. यात दोन वेगळ्या चुका असतात. पहिली कंपायलरची: मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला ‘यूटीएफ-८’ हा पर्याय दिला नाही, तर तो फाइल मशीनच्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या जुन्या सांकेतिक तक्त्यात) वाचतो. दुसरी आपली: साध्या अवतरणातली मजकुराची ओळ थेट स्ट्रिंगमध्ये टाकली, तर ती चालू लोकॅलप्रमाणे (मशीनच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे) उलगडली जाते. पर्याय चालू करा आणि मजकूर ‘फ्रॉमयूटीएफ८’मधून द्या किंवा वाइड लिटरल वापरा. एकच दुरुस्ती केली तर काम अर्धंच होतं.

या जागा डोळ्यांनी शोधत बसू नका. ३.२ मध्ये ‘नो इम्प्लिसिट स्ट्रिंग एन्कोडिंग’ नावाचा मॅक्रो आहे. तो डिफाइन केला की असं प्रत्येक छुपं रूपांतर कंपाइल एरर म्हणून समोर येतं. यादी पाहून धसका बसेल, पण एकदाच.

फॉन्टचं नाव कोडमध्ये ‘मंगल’ असं ठोकलेलं असेल तर ते काढा. विंडोज १० पासून मंगल हा ऐच्छिक भाग झाला आहे, नव्या मशीनवर तो असेलच असं नाही. निर्मला यूआय मात्र असतो. सिस्टिमचा मूळ फॉन्ट घेऊन फक्त आकार वाढवणं सगळ्यात बरं.

आता लांबी. ‘पुणे’ डोळ्यांना दोन अक्षरं, स्ट्रिंगला चार आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. ‘शुक्रवार’ची डावीकडची चार घेतलीत तर बिलावर ‘शुक्’ छापलं जाईल. पेठेचं नाव रकान्यात मावत नसेल तर रकाना रुंद करा. तोडायचंच असेल तर शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर तोडा.

पिक्सेल

लेबलची उंची २० पिक्सेल अशी ठरवून दिली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, कारण देवनागरी ओळ रोमनपेक्षा उंच लागते. उंचीला उणे एक द्या (म्हणजे ‘उंची तूच ठरव’) आणि बाकी सायझरवर सोपवा.

विंडोजवर रिसोर्स फाइलमध्ये, डब्ल्यूएक्सची आरसी फाइल जोडण्याआधी, ‘यूझ डीपीआय अवेअर मॅनिफेस्ट’ची किंमत २ ठेवा (डीपीआय म्हणजे पडद्यावरची पिक्सेलची दाटी). नाहीतर दीडशे टक्के स्केलवाल्या लॅपटॉपवर अक्षरं पुसट दिसतात. हे केलं की दुसरी बाजू उघडी पडते: ३०० गुणिले ३० असा लिहिलेला रकाना तेवढ्याच पिक्सेलचा राहतो आणि इवलासा दिसतो. प्रत्येक आकडा ‘फ्रॉमडीआयपी’ या स्केलप्रमाणे माप बदलणाऱ्या फंक्शनमधून न्या, मग तो ४५० गुणिले ४५ होतो. लिनक्स आणि मॅकवर हे फंक्शन आकडा बदलत नाही, म्हणून तिथे तपासून ‘सगळं ठीक’ म्हणू नका.

टूलबारच्या चित्रांसाठी बिटमॅपबंडल (एकाच चित्राचे अनेक आकार सांभाळणारा क्लास) वापरा. एसव्हीजी दिलंत तर एकाच फाइलमधून सगळे आकार निघतात. पण आत वापरलेली नॅनोएसव्हीजी लायब्ररी मजकूर सरळ वगळते. बोधचिन्हात दुकानाचं नाव असेल तर इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करूनच साठवा.

वेलँडवर (लिनक्सची नवी डिस्प्ले व्यवस्था) खिडकी ठरावीक जागी उघडायचा हट्ट सोडा, तो अधिकार तिथे ॲपला नाही. ओपनजीएलची (ग्राफिक्स काढायची प्रणाली) खिडकी असेल आणि ग्लू (जीएलईडब्ल्यू, ओपनजीएलची फंक्शनं मिळवून देणारी लायब्ररी) सुरूच होत नसेल, तर कारण ईजीएल. ईजीएल आणि जीएलएक्स हे ओपनजीएलला खिडकीशी जोडायचे दोन वेगळे मार्ग. ३.२ ते आपणहून वापरते, आणि आपली ग्लू जीएलएक्ससाठी बांधलेली असते. लायब्ररी बांधताना ईजीएल कॅनव्हास बंद करता येतो.

शेवटची चाचणी विंडोजवर दोन पडद्यांची: एक शंभर टक्के, दुसरा दीडशे. खिडकी एकावरून दुसऱ्यावर ओढा. काही रकाने जुन्याच मापाचे राहिले तर ती मापं सुरुवातीलाच मोजून साठवलेली आहेत. ‘डीपीआय चेंज्ड’ इव्हेंट धरून ती तिथे पुन्हा मोजा.